तळ्याकडून नदीकडे : फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशनची वाटचाल

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये समुद्राचा अभ्यास करायचा म्हटले तर जायला जागा होत्या. प्लिमथची सागरी प्रयोगशाळा १८८८ मध्ये उघडली होती आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मिलपोर्टला संशोधनकेंद्र चालू होते. गोड्या पाण्याच्या वाट्याला मात्र असे कायमचे केंद्र आले नव्हते. पिण्याचे पाणी, गिरण्यांचे पाणी, गळाला लागणारा ट्राउट आणि सॅमन हे सारे नद्या-तळ्यांतून येत होते. पण त्या पाण्यात काय जगते, कशावर जगते आणि कशाने मरते, हे वर्षभर बसून पाहणारी एकही जागा देशात टिकली नव्हती. जर्मनीत प्लोनच्या तळ्याकाठी असे केंद्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच उभे राहिले होते.

१९२७ साली ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अधिवेशनात वनस्पतिशास्त्र विभागाचे अध्यक्ष एफ. ई. फ्रिच यांनी ही उणीव बोलून दाखवली. फ्रिच शेवाळांचे जाणकार होते. त्यांच्या जोडीला डब्ल्यू. एच. पिअरसॉल आणि केंब्रिजचे जे. टी. साँडर्स आले. पिअरसॉल यांनी वडिलांबरोबर होडीतून हिंडून इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या तळ्यांची पाहणी केली होती. वेस्टवॉटरसारखी खडकाळ, निवळ तळी आणि एस्थवेटसारखी गाळाने व वनस्पतींनी भरलेली तळी यांची एक क्रमवार मालिका लागते, हे त्यांनी १९२१ मध्ये मांडले होते. या मंडळींच्या पुढाकाराने १९२९ मध्ये ‘फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ स्थापन झाली. ‘ब्रिटिश एम्पायर’ हे शब्द पुढे नावातून गळले. आज ती ‘एफबीए’ याच लघुनावाने ओळखली जाते.

किल्ल्यातली प्रयोगशाळा

संस्थेला जागा मिळाली ती विंडरमिअरच्या काठी. विंडरमिअर म्हणजे इंग्लंडमधले सर्वांत मोठे नैसर्गिक तळे. लांबी सुमारे १७ किलोमीटर, सर्वाधिक खोली ६४ मीटर. त्याच्या पश्चिम काठावर रे कॅसल नावाची इमारत आहे. लिव्हरपूलच्या एका निवृत्त शल्यविशारदाने १८४० च्या दशकात जुन्या किल्ल्याच्या धर्तीवर ती बांधून घेतली होती. १९३१ मध्ये तिथल्या काही खोल्या भाड्याने घेऊन काम सुरू झाले. पहिले संशोधक दोनच होते : फिलिप उलियट आणि पेनेलोपी जेंकिन.

ही सुरुवात लहान असली तरी एक गोष्ट पहिल्या दशकातच वेगळी ठरली. रसायनशास्त्रज्ञ, शेवाळांचा अभ्यासक, कीटकतज्ज्ञ आणि मत्स्यतज्ज्ञ एकाच छपराखाली बसून एकाच तळ्याकडे पाहत होते. पाण्याचे तापमान मोजणाऱ्याने काढलेला आकडा माशांवर काम करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मिळत असे. विद्यापीठांतून विद्यार्थी ईस्टरच्या सुटीत अभ्यासवर्गासाठी येत, आणि त्यांतले काही कायमचे पाण्याच्या अभ्यासाकडे वळत.

त्या पहिल्या दशकातले सर्वांत मोलाचे काम गाळावर झाले. तळ्याच्या तळाचा गाळ थर न मोडता उभाच्या उभा वर काढणारे उपकरण बी. एम. जेंकिन आणि क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी तयार केले. त्या नळ्यांमधून हिमयुगाच्या अखेरीपासूनचा विंडरमिअरचा इतिहास वर आला : खाली हिमनदीने आणलेली चिकणमाती, वर हजारो वर्षांचा तपकिरी गाळ. विनिफ्रेड पेनिंग्टन यांनी या थरांतल्या डायटम शेवाळांचे सांगाडे ओळखून १९४३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. सर्वांत वरच्या थरांत शेवाळांची जातवारी बदललेली दिसते आणि तो बदल काठच्या माणसाच्या वस्तीशी जुळतो, हे त्यातून पुढे आले. याच पेनिंग्टन पुढे रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या.

मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये दाखवले की उन्हाळ्यात तळ्याच्या तळाशी प्राणवायू संपला की गाळात बांधून राहिलेले फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटते. सांडपाणी बंद केल्यावरही काही तळी वर्षानुवर्षे हिरवीच का राहतात, याचे उत्तर या शोधात आहे. गावतलावातला गाळ काढण्याची चर्चा होते, तेव्हा हे रसायनशास्त्रही लक्षात घ्यावे लागते.

युद्धातले पर्च आणि ल क्रेन यांचे सूत्र

१९३७ मध्ये ई. बी. वर्दिंग्टन संचालक झाले. ते आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या मत्स्यपाहणीत काम करून आले होते. दुसरे महायुद्ध पेटले, समुद्रातली मासेमारी धोक्याची झाली आणि अन्नाची टंचाई जाणवू लागली. विंडरमिअरमध्ये पर्च नावाचा काटेरी परांचा लहान मासा अमाप होता. १९४१ पासून तारेच्या जाळीचे सापळे लावून तो मोठ्या प्रमाणावर पकडण्यात आला आणि डबाबंद होऊन ‘पर्चाइन्स’ या नावाने विकला गेला.

लोकांच्या ताटात मासा गेला आणि शास्त्राला एक अपूर्व प्रयोग मिळाला. एका मोठ्या तळ्यातली एक जात जवळजवळ उपसून काढली, तर उरलेल्या माशांचे काय होते? युद्ध संपले तरी सापळे लागत राहिले, या वेळी मोजणीसाठी. पर्चला खाणाऱ्या पाइकचीही १९४४ पासून जाळी लावून नोंद होऊ लागली. कल्ल्यांवरच्या झाकणाच्या हाडावर वाढीची वलये असतात. ती मोजून प्रत्येक पर्चचे वय ठरवले जाई. डेव्हिड ल क्रेन यांनी २२ वर्षांच्या पर्चच्या वाढीचा आढावा १९५८ मध्ये मांडला. पाण्याची ऊब आणि माशांची दाटी या दोन गोष्टी वाढ ठरवतात, हे त्यातून दिसले. हे काही महिन्यांच्या प्रकल्पातून कधीच दिसले नसते.

ल क्रेन हे नाव महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला परके नाही. १९५१ मध्ये विंडरमिअरच्या पर्चवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी माशाची लांबी आणि वजन यांच्या नात्यावरून त्याची तब्येत मोजण्याची रीत दिली. त्या लांबीच्या माशाचे अपेक्षित वजन सूत्राने काढायचे आणि प्रत्यक्ष वजनाला त्याने भागायचे. उत्तर एकाच्या वर आले तर मासा अंगाने भरलेला, खाली आले तर ओढलेला. रोहू असो, कटला असो की एखाद्या लहान ओढ्यातला स्थानिक मासा, भारतातल्या असंख्य प्रबंधांत हे गुणोत्तर वापरले जाते आणि बहुतेक वेळा १९५१ च्या त्या निबंधाचा उल्लेख होतो.

फेरी हाउसची वर्षे

१९४६ मध्ये एच. सी. गिल्सन संचालक झाले आणि १९७३ पर्यंत त्या पदावर राहिले. १९५० मध्ये संस्थेने रे कॅसल सोडले आणि तळ्याच्या लांबीच्या मध्यावर, तरीच्या धक्क्याजवळच्या जुन्या हॉटेलच्या इमारतीत बिऱ्हाड हलवले. या फेरी हाउसमध्ये संस्थेचा उत्कर्षाचा काळ गेला.

जॉन लंड यांनी १९४५ पासून विंडरमिअरच्या पाण्याचे नमुने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी घेण्याचा परिपाठ घातला. ॲस्टेरिओनेला हे ताऱ्याच्या आकाराचे शेवाळ दर वसंतात फोफावते आणि मग अचानक कोसळते. त्याला कवच बांधायला सिलिका लागते. पाण्यातली सिलिका लिटरमागे सुमारे अर्ध्या मिलिग्रॅमखाली गेली की त्याची वाढ थांबते, हे लंड यांनी आठवड्या-आठवड्याच्या आकड्यांतून सिद्ध केले. याच शेवाळावर जगणाऱ्या सूक्ष्म बुरशी हिल्डा कँटर यांनी शोधल्या आणि शेवाळाचा बहर आवरण्यात त्यांचाही वाटा असतो हे दाखवले. टी. टी. मकॅन पाणकिडे ओळखण्याच्या पुस्तिका तयार करत होते. संस्थेच्या ‘सायंटिफिक पब्लिकेशन्स’ मालेतले पहिले पुस्तक १९३९ मध्ये त्यांनीच लिहिले होते. जाळीत आलेला किडा कोणता, हे या पातळ पुस्तिका हातात घेऊन शाळेतला शिक्षकही ठरवू शकत होता.

विनिफ्रेड फ्रॉस्ट माशांच्या विणीच्या जागा तपासत होत्या. विंडरमिअरमध्ये चार नावाचा थंड पाण्यातला मासा आहे. त्याचे दोन वेगळे गट असून एक शरद ऋतूत किनाऱ्याजवळच्या उथळ रेवाळ जागी अंडी घालतो, तर दुसरा वसंतात खोल पाण्यात, हे त्यांनी १९६५ मध्ये तपशिलाने मांडले. दिसायला एकच असलेल्या माशासाठी दोन निराळ्या जागा जपाव्या लागतात, हा धडा तिथून मिळाला.

तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांत आणखी महत्त्वाचे काम चालले होते. ल क्रेन यांनी ओढ्याचे काही पट्टे जाळ्यांनी अडवून त्यांत ट्राउटची पिले वेगवेगळ्या संख्येने सोडली. कुठे थोडी, कुठे त्यांच्या कितीतरी पट. काही महिन्यांनी मोजले तेव्हा सगळीकडे उरलेल्यांची संख्या जवळपास सारखीच निघाली. माल्कम एलियट यांनी १९६६ पासून ब्लॅक ब्राउझ बेक या चिमुकल्या ओढ्यात समुद्री ट्राउटची मोजणी सुरू केली आणि दशकानुदशके चालू ठेवली. रेवेतून वर आलेले पिल्लू पहिल्या काही आठवड्यांत स्वतःची जागा मिळवते किंवा मरते. पिलांची दाटी जितकी जास्त तितके मरणाचे प्रमाण जास्त, हे त्यांनी आकड्यांनी पक्के केले.

या निष्कर्षाचा अर्थ मोठा आहे. नदीत किती मासे जगतील हे तिच्यातले दगड, डोह, सावली, किडे आणि प्रवाह ठरवतात. टाकीत वाढवलेली पिले आणून ओतल्याने ती मर्यादा वाढत नाही. मासा वाढवायचा असेल तर आधी त्याची राहण्याची जागा सुधारली पाहिजे. ओढ्याकाठी बसून केलेल्या या मोजणीने नदीसंवर्धनाची दिशा बदलली.

फ्रूमकाठची प्रयोगशाळा

तळ्यांवर एवढे काम झाल्यावर वाहत्या पाण्यासाठी वेगळ्या जागेची गरज होती. १९६३ मध्ये दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात ईस्ट स्टोक येथे फ्रूम नदीच्या काठी ‘रिव्हर लॅबोरेटरी’ सुरू झाली. फ्रूम ही खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या भूजलावर चालणारी नदी. तिचे पाणी नितळ, वर्षभर बऱ्यापैकी एकसारखे आणि खनिजांनी समृद्ध असते. तळाशी रेव असते आणि पाणवनस्पती भरघोस वाढतात. लेक डिस्ट्रिक्टच्या थंड, गरीब पाण्यापेक्षा ही दुनिया अगदी वेगळी. सॅमनची पिले इथे इतक्या वेगाने वाढतात की बहुतेक एका वर्षातच समुद्राकडे निघतात.

सॅमनची मादी शेपटीने रेवेत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून रेव लोटते. त्या रेवेतून प्राणवायूने भरलेले पाणी महिनोन्‌महिने झिरपत राहिले तरच अंडी जगतात. शेतातली माती वाहून आली आणि रेवेच्या फटी बुजल्या, तर वरून नदी कितीही निर्मळ दिसो, आत अंडी गुदमरतात. सॅमनचे संरक्षण काठच्या नांगरटीपासून आणि गुरांच्या पाणवठ्यापासून सुरू होते, ते यामुळेच.

१९७३ मध्ये ईस्ट स्टोकच्या बंधाऱ्यावर सॅमन मोजणारे विद्युत यंत्र बसले. माशाचे शरीर पाण्यापेक्षा निराळ्या प्रमाणात वीज वाहून नेते. इलेक्ट्रोडवरून मासा गेला की रोधात फरक पडतो आणि नोंद होते. समुद्रातून परतणाऱ्या सॅमनची ही मोजदाद तेव्हापासून सुरू झाली.

याच प्रयोगशाळेत १९७७ मध्ये सुरू झालेले दुसरे काम जगभर पोचले. जॉन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ४१ नद्यांवर फारशी बिघडलेली नसलेली २६८ ठिकाणे निवडली आणि तिथले पाणकिडे, गोगलगाई, जळवा गोळा केल्या. पात्राची रुंदी, खोली, तळाचा पोत, उंची अशा माहितीवरून त्या जागी कोणते जीव असायला हवेत याचे भाकीत करता येईल अशी पद्धत त्यांनी बसवली. तिचे नाव ‘रिव्हपॅक्स’. जे असायला हवे आणि जे प्रत्यक्ष सापडले, त्यांची तुलना केली की नदी किती बिघडली ते कळते. पाण्याचा नमुना त्या क्षणाचे सांगतो. किडे मात्र महिनोन्‌महिने त्याच पाण्यात राहिलेले असतात, त्यामुळे रात्रीत सोडलेले रसायनही त्यांच्या हजेरीत उमटते. १९९० च्या राष्ट्रीय नदीपाहणीत ही पद्धत वापरली गेली आणि ऑस्ट्रेलियाने तिच्याच पायावर स्वतःची पद्धत उभारली.

संस्था दुभंगते, नोंद टिकते

१९६५ मध्ये ब्रिटनमध्ये नॅचरल एन्व्हायर्नमेंट रिसर्च कौन्सिल स्थापन झाली आणि एफबीएचा खर्च मुख्यतः सरकारी निधीवर येऊन ठेपला. १९८९ मध्ये संशोधक कर्मचारी नव्या सरकारी ‘इन्स्टिट्यूट ऑफ फ्रेशवॉटर इकॉलॉजी’कडे गेले. ती संस्था पुढे ‘सेंटर फॉर इकॉलॉजी अँड हायड्रॉलॉजी’त विलीन झाली आणि विंडरमिअरची शास्त्रज्ञ मंडळी लँकेस्टरला हलली. एफबीएकडे उरले ग्रंथालय, संग्रह, प्रकाशने, इमारती आणि सभासद. साठ वर्षे उभारलेल्या संस्थेला हा मोठाच धक्का होता.

नोंदी मात्र थांबल्या नाहीत. विंडरमिअरच्या पाण्याची नमुनेवारी नव्या संस्थेने चालू ठेवली. ईस्ट स्टोकची सॅमनमोजणी २००९ मध्ये गेम अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्टने हाती घेतली. तिथे दरवर्षी सुमारे १०,००० सॅमन-पिलांच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी खूण बसवली जाते. ते पिल्लू समुद्राकडे कधी गेले आणि परतले की नाही, हे नदीत बसवलेली, ती खूण वाचणारी यंत्रे सांगतात. अटलांटिक सॅमनची ब्रिटनमधली संख्या इतकी घटली आहे की २०२३ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने तिला ‘धोक्यात’ या वर्गात घातले. घट किती आणि कधीपासून, हे सांगता येते ते अशाच न तुटलेल्या मोजणीमुळे.

एफबीएनेही नवे काम शोधले. गोड्या पाण्यातला मोत्याचा शिंपला शंभर वर्षांहून जास्त जगतो. पण त्याची अळी आयुष्याचे पहिले काही महिने सॅमन किंवा ट्राउटच्या कल्ल्यांना चिकटून काढते आणि मग स्वच्छ रेवेत गाडून घेऊन काही वर्षे राहते. मासा नसेल तर शिंपला नाही. रेव बुजली तरी शिंपला नाही. इंग्लंडच्या अनेक नद्यांत म्हातारे शिंपले उरले आहेत, तरुण दिसत नाहीत. २००७ पासून संस्थेने विंडरमिअरकाठी अशा नद्यांतले शिंपले आणून माशांच्या सोबतीने त्यांची पैदास सुरू केली.

विंडरमिअर ते कावेरी

एफबीएच्या प्रकाशनमालेत २००१ मध्ये साठावे पुस्तक निघाले : गोड्या पाण्यातल्या माशांची अगदी कोवळी पिले ओळखण्याची किल्ली. लेखक एड्रियन पिंडर. हेच पिंडर पुढे दक्षिण भारतात कावेरीच्या महाशीर माशावर काम करू लागले, आणि तिथे त्यांची गाठ पुण्याच्या माशाशी पडली.

कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे आजचे नाव टॉर खुद्री. हा मासा कमी होत चालला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीच्या केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली. १९७८ चा त्यांचा निबंध या विषयात पायाभूत मानला जातो. इथली पिले देशात अनेक ठिकाणी गेली, कावेरीतही गेली. कावेरीत मात्र स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महाशीर होता. पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी गळ टाकणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदवह्या तपासल्या. बाहेरून आलेला खुद्री वाढत गेला आणि मूळचा कुबडा महाशीर झपाट्याने घटला, असे चित्र निघाले. २०१८ मध्ये या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी निश्चित झाली. त्या संशोधनात पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. आययूसीएनने त्याला ‘अतिशय धोक्यात’ ठरवले.

पिले वाढवणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि त्यांचे तांत्रिक यश खरे होते. कोणत्या नदीत कोणता मासा सोडायचा हे ठरवण्याआधी त्या नदीत काय आहे याची जुनी, भरवशाची मोजणी हाताशी हवी होती. ती शेवटी सापडली हौशी लोकांच्या वह्यांत.

शंभरीच्या उंबरठ्यावर

विंडरमिअरचे आजचे दिवस सोपे नाहीत. १९९२ मध्ये काठच्या मोठ्या सांडपाणी केंद्रांत फॉस्फरस काढण्याची सोय झाली आणि पाण्यात सुधारणा दिसली. तरी उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे तवंग येतात. पाणी तापते आहे, रोच मासा वाढला आहे, चार घटला आहे. २०२२ मध्ये एफबीएने लँकेस्टर विद्यापीठाबरोबर नागरिकांची पाहणी सुरू केली. ठरलेल्या दिवशी तळ्याभोवतीच्या जवळपास शंभर ठिकाणांहून स्वयंसेवक पाण्याचे नमुने भरतात. फ्रिच यांनी मागितलेले काम आता गावकरी, पर्यटनावर पोट असलेले आणि पोहायला येणारे लोक मिळून करतात.

२०२९ मध्ये संस्थेला शंभर वर्षे पूर्ण होतील. तिच्याकडून महाराष्ट्राने घ्यावे असे काही महागडे नाही : थर्मामीटर, जाळी, वजनकाटा, किडे ओळखण्याची मराठीत लिहिलेली पुस्तिका आणि दर आठवड्याला भरायची एक वही. मुळा-मुठा, कृष्णा, पंचगंगा, गोदावरी, वैतरणा या नद्यांच्या काठी शेकडो महाविद्यालये आहेत, प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, मासे ओळखणारे भोई आणि कोळी आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या गावाजवळची एकच जागा निवडावी, तिथले पाणी, किडे आणि मासे या वर्षीपासून मोजायला लागावे, आणि प्राध्यापक निवृत्त झाले तरी ती वही पुढच्याच्या हाती सोपवावी.